साडेबाराची जुनी गाणी

रेडिओवरच्या बाईंनी ते सांगितलं तेव्हा आई काठवटीत ज्वारीचं पीठ मळत होती. पुढच्या महिन्यापासून दुपारी साडेबाराचा बायकांचा कार्यक्रम बंद होणार होता. त्या जागी रोज अर्धा तास जुन्या तबकड्या लागणार होत्या, मागल्या पिढीच्या गायक-गायिकांच्या, कारण श्रोत्यांनी पत्रं लिहून फार आग्रह केला होता. "बरं झालं गं बाई," अक्का म्हणाली, "त्या पोरांच्या जंतांच्या गोष्टी आन गाजराच्या वड्या तरी संपल्या." आईचा हात पिठात तसाच राहिला. तव्यावर टाकलेली भाकरी करपायला लागली, मीच उठून ती उलटली. आईनं माझ्याकडे पाहिलं, पण मला ओळखत नसल्यासारखं. मग पाण्याचा हबका मारून ती पुन्हा मळायला लागली.

आमचं घर रहिमतपूरच्या बाहेरच्या अंगाला, उसाच्या फडाला लागून. पुढं सोपा, मधलं घर, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागं म्हशीचा गोठा. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो, गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. पलटणीतून निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी एक लोखंडी ट्रंक, एक काठी आणि एक रेडिओ आणला. रेडिओ सोप्यातल्या फळीवर, त्यावर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. सकाळच्या बातम्या तात्यांच्या. त्या वेळी घरात भांड्याचा आवाज झालेला त्यांना खपत नसे, "डिसिप्लिन!" असं एकदाच ओरडायचे आणि म्हशीसुद्धा रवंथ थांबवतात की काय असं वाटायचं. दुपार मात्र आमची; माझी शाळा सकाळची असे. तात्या उसाला पाणी पाजायला गेलेले असत. आई, माझी मोठी बहीण लीलाअक्का आणि मी अशा तिघी सोप्यात बसून गरम भाकरी, खर्डा, कांद्याची पात असं खात रेडिओ ऐकत असू. बायकांच्या त्या कार्यक्रमाची आईला फार आवड. त्यातल्या बाईंनी सांगितलेली गाजराची वडी तिनं तीनदा केली, तीनदा फसली, आणि आम्ही ती चमच्यानं खाल्ली.

आई कधी गात नसे. लहानपणी मला हे विशेष वाटलं नाही, काही माणसं गात नाहीत. पण हळदीला, बारशाला बायका आग्रह करायच्या, "पार्वतीवैनी, एक तरी म्हना की," तेव्हा ती पदर तोंडाशी नेऊन मागं सरकायची, आणि ते सरकणं लाजण्यातलं नसायचं. आता विचार केला तर कळतं, ते एखाद्या शिक्षा झालेल्या माणसासारखं होतं. जात्यावर बसली तरी तोंड मिटलेलं. शेजारच्या आळीतून पहाटे ओव्या ऐकू यायच्या आणि आमच्या घरातून नुसती जात्याची घरघर.

जुनी गाणी सुरू झाली तसं आईनं साडेबाराला घरात थांबणं सोडलं. बरोबर सव्वाबाराला तिला म्हशीचं पाणी आठवायचं, नाहीतर वाळत घातलेल्या शेणी उलथायची घाई व्हायची. अक्का आणि मी ऐकायचो. अक्काचं लग्न ठरलेलं होतं. औंधच्या एका तालेवार घरात तिला दिली होती, साखरपुडा झाला होता, माघात लग्न होतं. ती उशांच्या अभ्र्यांवर मोर भरत बसायची आणि गाण्याबरोबर गुणगुणायची. मला ती गाणी खरखरीत आणि रडवी वाटायची. एकदा मी गोठ्यात जाऊन म्हटलं, "आई, ये की. आज लय चांगलं लागलंय." ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "मला न्हाई आवडत," म्हणाली. तिथून रेडिओ स्पष्ट ऐकू येत होता.

हल्ली लोक जुनी गाणी लागली की डोळे मिटून माना डोलवतात. माझी सूनही लावते, सांगलीच्या या आमच्या घरात, स्वयंपाक करताना, फोनवर. मी उठून गॅलरीत जाते. तिला वाटतं सासूबाईंना गाण्यातलं काही कळत नाही.

लग्नाची तिथी पक्की करायला आणि बस्त्याचा दिवस ठरवायला औंधचे पाहुणे आले, तो दिवस गुऱ्हाळाच्या दिवसांतला. सगळ्या गावावर काकवीचा वास होता. नवरदेवाचे वडील आले होते, बापूसाहेब, कमी बोलणारे, आणि त्यांची विधवा बहीण, जिला सगळे आत्याबाई म्हणत आणि जिच्या शब्दाबाहेर त्या घरातलं मांजरसुद्धा नव्हतं. आईनं पहाटेपासून पुरण घातलं होतं. पोळ्या, कटाची आमटी, कुरडया, भजी, लिंबाचं लोणचं. पंगत सोप्यात मांडली. बापूसाहेब आणि तात्या एका बाजूला, आत्याबाई समोर पाटावर. अक्का आत, नवं लुगडं नेसून. मी पाणी वाढत होते. आणि तात्यांना, का कोण जाणे, पाहुण्यांना रेडिओ ऐकवायची हौस आली. "मिलिटरी कँटीनचा हाय," म्हणाले, "आवाज बघा कसा, खणखणीत." आणि त्यांनी बटण फिरवलं.

आई तुपाची वाटी घेऊन बाहेर आली होती. रेडिओवरच्या बाई म्हणाल्या, आता ऐकू या एक दुर्मीळ तबकडी, गायिका कुमारी रत्नप्रभा बुधगावकर. पेटीचे सूर सुरू झाले. मग एक आवाज आला, कोवळा, पण भरलेला, अजिबात न घाबरणारा. उंबऱ्यात चांदणं सांडल्याचं काहीतरी गाणं होतं. मी आईकडे पाहिलं, सहज, तूप वाढायला ती पुढं का होत नाही म्हणून. आणि मला दिसलं, की ओळ सुरू व्हायच्या आधी ती श्वास घेते आहे. गाणारी मुलगी ज्या क्षणी ओळ उचलायची, त्याच्या अगदी थोडं आधी आईची छाती वर व्हायची. ओठ हलत नव्हते. नुसता श्वास. प्रत्येक ओळीला.

बुधगाव हे आईचं माहेर, सांगलीजवळचं. आणि दिवाळीला येणारा शंकरमामा तिला पार्वती कधीच म्हणत नसे, ते तर सासरचं नाव. तो तिला "रत्ने" म्हणायचा. माझं वय तेव्हा तेरा. मला इतका आनंद झाला, की तांब्या हातातच ठेवून मी ओरडले, "आई! ही तूच की! मामा तुला रत्नाच म्हनतो की!"

आजवर मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे. त्यातला बराचसा मी विसरलेही.

आत्याबाईंनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "काय म्हनती पोर?" त्यांनी आईला विचारलं. "व्हय का वं इहीणबाई? रेकाडवर गाणं म्हनलंय तुमी?"

आईला नाही म्हणता आलं असतं. पोराचं बोलणं, हसून टाकता आलं असतं. तिनं तात्यांकडे पाहिलं. तात्या ताटाकडे बघत होते. रेडिओवर गाणं चालूच होतं, दुसरं कडवं सुरू झालं होतं. आई म्हणाली, "व्हय. मीच हाय ती."

"आन सुभेदार, तुमाला ठावं हुतं?" बापूसाहेबांनी विचारलं. सबंध जेवणात ते पहिल्यांदाच काही बोलले असतील.

तात्यांनी मान वर केली. "न्हाई," ते म्हणाले. "मला कुनी सांगितलंच न्हाई. मला आजच कळतंय."

आईच्या हातातली वाटी कलली आणि तूप जमिनीवर ओघळलं. ती वाकली, पदरानं पुसलं, आणि आत गेली. मला वाटलं ती आपली चोरी पकडली गेली म्हणून गेली. कितीतरी दिवस मला तसंच वाटत होतं.

पाहुणे नीट जेवले. हात धुतले, पान खाल्लं, आत्याबाईंनी अक्काच्या गालावरून हात फिरवला. आठ दिवसांनी औंधहून माणूस आला. पत्रिकेत दोष निघालाय म्हणाला, मुलीला दुसरीकडं बघा. साखरपुड्याचं लुगडं आणि अंगठी तो न्यायलाच आला होता. अक्कानं अंगठी काढली. बोट सुजलं होतं म्हणून साबण लावावा लागला. माणूस गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि आईला एकच शब्द बोलली. "तमासगिरीण." पुढं वर्षभर ती आईशी बोलली नाही. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं.

गावात बातमी पसरायला औंधची गरज लागली नाही. आडावर बायका आई आली की गप्प व्हायच्या. शाळेत मुली मला म्हणायच्या, तुझी आई स्टेजवर नाचायची का? मी सांगायचे, नुसतं गाणं, एकच तबकडी. त्या म्हणायच्या, एकाच तबकडीवर नाचायची का? पण तात्यांना जे लागलं ते वेगळंच. चावडीपाशी कुणीतरी त्यांना म्हणालं, "सुभेदार, घरातच येवढं असताना रेडू कशाला वं इकत घेतला?" सगळे हसले. त्याच आठवड्यात ती तबकडी रेडिओवर पुन्हा लागली. लोकांना आवडली असावी.

त्या दिवशी संध्याकाळी तात्यांनी मला सोप्यात बोलावलं. त्यांनी पोस्टातून आंतर्देशीय पत्र आणलं होतं. "बस. मी सांगतो तसं लिही." माझं अक्षर शाळेत फळ्यावर सुविचार लिहिण्याइतकं चांगलं होतं. तात्या उभ्यानं, हात मागं बांधून, रिपोर्ट सांगावा तसं सांगू लागले. स.न.वि.वि. आपल्या केंद्रावरून कुमारी रत्नप्रभा बुधगावकर यांची तबकडी वाजवली जाते. सदर गायिका आता हयात नाहीत.

मी पेन थांबवलं. स्वयंपाकघरात आई लसूण ठेचत होती. तो ठेचण्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. "तात्या," मी म्हटलं, "आई तर..."

"लिही."

"पन खोटं..."

"जित्या मान्साचं गाणं थांबवाया कोन कागद ऐकतंय? मेलेल्याच्या घरच्यांचं ऐकतात. लिही म्हनतो ना!"

मी लिहिलं. सदर गायिका आता हयात नाहीत. त्यांचा आवाज ऐकून घरच्यांना क्लेश होतात. तरी ही तबकडी यापुढे लावू नये ही विनंती. खाली नाव नाही, नुसतं 'मयताचे आप्त, मुक्काम बुधगाव'. तात्यांनी दोनदा वाचलं, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लावलं. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना मी ते लाल पेटीत टाकलं. टाकण्याआधी थोडा वेळ धरून ठेवलं होतं, एवढं मी माझ्या बाजूनं सांगू शकते. त्यानं काही फरक पडला नाही.

दहा-बारा दिवस गेले. शनिवार होता, मी शाळेतून घरी आले होते. अक्का आत पडली होती, तात्या उसातून लवकर येऊन सोप्यात पाणी पीत होते. आई सव्वाबाराला उठली नाही. ते झाल्यापासून तिनं गोठ्यात जाणं सोडलंच होतं. आता लपवायचं काय उरलं होतं? ती शेंगा फोडत बसली होती. रेडिओ मीच लावला. बाईंचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. त्या म्हणाल्या, श्रोतेहो, अलीकडेच ज्यांची तबकडी आपण ऐकवली आणि ज्यांच्या गोड आवाजाबद्दल अनेकांनी पत्रं पाठवली, त्या रत्नप्रभा बुधगावकर आज आपल्यात नाहीत, असं त्यांच्या आप्तांनी आम्हाला कळवलं आहे. त्यांच्या इच्छेला मान देऊन यापुढे ही तबकडी लावली जाणार नाही. आज श्रद्धांजली म्हणून शेवटची ऐकू या.

त्या बिचाऱ्यांनी मनापासून केलं ते.

मी बटणाकडे हात नेला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे." तिनं गाणं सगळं ऐकलं. तात्या तांब्या हातात धरून खांबाशी उभे होते. त्यांना बाहेर जाता आलं असतं, गेले नाहीत. मी आईकडे पाहात होते. या वेळी ती ओळीआधी श्वास घेत नव्हती. गाणं संपलं, तिनं मांडीवरची टरफलं झटकली, परसात गेली आणि न्हाणीत शिरून डोक्यावरून पाणी घेतलं. सकाळची वेळ नव्हे, सणवार नव्हे, भर दुपारी, गार पाण्यानं, नेसत्या लुगड्यानिशी. ओल्या केसांनी येऊन तिनं सोप्याच्या कोपऱ्यात घोंगडं टाकलं आणि त्यावर बसली.

"हे काय चालवलंय?" तात्यांनी विचारलं.

"माझ्या म्हायेरचं मानूस गेलं," आई म्हणाली. "लेकीला तीन दिसांचं सुतक असतं. तीन दिस मला शिवू नगा. चूल लीली बघंल."

तात्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. सुतक कुणाचं, असं विचारलं असतं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं. आई बसली ती बसलीच. देवापाशी दिवा नाही, कुंकवाच्या करंड्याला हात नाही. शेजारची बाई ताक मागायला आली, आईला कोपऱ्यात बघून चरकली. "कोन गेलं वं वैनी?" आई शांतपणे म्हणाली, "रत्ना म्हनून हुती. आमच्या बुधगावची. लय ल्हान वयात गेली." बाई हळहळली. तात्या सोप्यातच होते. अक्कानं दिलेली भाकरी त्यांनी आमटीत कुस्करली आणि तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला. शंकरमामा उतरला, टोपी हातात, डोळे सुजलेले, मागं मामी आणि बुधगावचे दोन भावकीतले. त्यांनी रेडिओ ऐकला होता. मिळेल त्या गाडीनं निघाले होते. "रत्ने!" असं ओरडत मामा उंबरा ओलांडून आला, आणि कोपऱ्यात ती बसलेली दिसताच थबकला. तो खालीच बसला. मामी तिच्या अंगाला हात लावून लावून बघत होती. आई म्हणाली, "शिवू नगं, वैनी. सुतकात हाय."

मामानं माझ्याकडे पाहिलं, मी रडत होते, मग तात्यांकडे. त्याला कळलं. तो सावकाश उठला.

"दाजी," तो म्हणाला, "ती तबकडी तुमी पलटणीत ऐकली हुती. कुना सांगलीच्या शिपायाकडं. तुमी सुट्टीवर आलासा तवा हिचं नाव इचारत आमच्या दारात आलासा. मी पानी दिलं तुमाला. बा म्हनला, पोरगी गाती, आमाला झाकायचं न्हाई. तुमी म्हनला, म्हनून तर मागाया आलोय."

"दादा, जाऊ दे," आई म्हणाली.

"का जाऊ दे? वरात घरी आली आन दुसऱ्या दिशी गाणं बंद. तेबी आमी गिळलं. आन आता मारून टाकली व्हय?"

मी तात्यांकडे पाहिलं. 'मला आजच कळतंय' असं ते म्हणाले होते, आणि आईनं तूप सांडलं होतं. मला ते त्या क्षणी समजलं.

तात्यांनी खांबाला टेकवलेली काठी उचलली. मग म्हणाले, "तवाची गोष्ट निराळी हुती. तवा ती माझी बायकू न्हवती."

मामा आमच्या घरचं पाणी न पिता गेला. आईला चल म्हणाला. ती गेली नाही. का गेली नाहीस, असं मी पुढं कैकदा विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही; उत्तरात माझं नाव आलं असतं अशी मला भीती होती. अक्काला दीड वर्षानं शिरवळला दिलं, बिजवराला. ती तिथं वाईट राहिली नाही, पण आईला बाळंतपणालाही तिनं बोलावलं नाही. तात्या आणखी वीस वर्षं जगले. आईनं त्यांचं सगळं केलं, शेवटी अंथरुणातलंही, आणि कामाशिवाय एक शब्द बोलली नाही. लोक म्हणायचे, सुभेदारांची बायको किती शांत. आई गेल्यावर मी त्या तबकडीसाठी मिरजेपर्यंत जुन्या बाजारांत हिंडले. मिळाली नाही. ते गाणं आता कुठंच नाही, माझ्या डोक्यातसुद्धा अर्धंच आहे, आणि चाल बहुतेक चुकीची.

चौथ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी सकाळी आई उठली, घोंगडं धुतलं, सोपा सारवला, न्हाली, कुंकू लावलं आणि चुलीपुढं बसली. मी दप्तर घेऊन निघाले होते. तिनं हाक मारली. मी दारात उभी राहिले, आत जायचं धाडस होईना. ती भाकरी थापत होती, वर न बघता.

"नंदे, त्या पत्रात कशानं गेली म्हनून लिवलंस गं?"

"न्हाई लिवलं," मी म्हटलं. "तात्यांनी सांगितलंच न्हाई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "लिवायचं हुतंस," ती म्हणाली. "लोक इचारत्यात. मला काय सांगावं कळत न्हाई."

मग भाकरी फुगली तशी तिनं ती उतरवली, वर खर्डा ठेवला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मी दप्तर खाली ठेवलं आणि खाल्ली. मला भूक लागली होती.